फोटो पाडा, तालुका डहाणू

मला कुणासाठी थांबता येत नाही. हा गुण की दोष, यावर आमच्या घरात बरेच वाद झाले आणि प्रत्येक वाद मी वेळेत संपवला. तलासरी तालुक्यात, उधव्याच्या बाजूच्या एका शाळेत मी गणित शिकवायचे. राहायला डहाणूत. सकाळची एसटी, पुढे जीप, मग थोडी पायपीट, आणि तरीही शाळेच्या फाटकाशी सगळ्यांच्या आधी मीच. साडेदहाला फाटक लावायचं काम खरं तर शिपायाचं होतं, पण तो दयाळू निघाला म्हणून ते मी माझ्याकडे घेतलं. एक मिनिट उशीर झालेली पोरं प्रार्थना बाहेर उभी राहून म्हणत. पाऊस असला तर छत्रीखाली म्हणत. माझ्या पाठीमागे मला घड्याळबाई म्हणतात हे मला माहीत होतं, आणि खोटं कशाला सांगू, आवडतही होतं.

त्यामुळे सोळा-सतरा साली डहाणूच्या समुद्रावर गमतीची दौड ठरली, तेव्हा शेठ थेट माझ्याकडे आले. शेठ म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला मोठी चिकूची वाडी असलेले गृहस्थ. घरात गुजराती, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. रोज पहाटे समुद्रावर चालताना ते मला बघत. म्हणाले, "टीचरबेन, तुमी रोज चालते ने, तेवढाच चालायचा. फक्त हातात झेंडो."

या कामाला पेसर म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. ठरलेल्या मिनिटाला शेवटाला पोचणारा माणूस. बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून आपला वेग सांभाळायचा. पळणाऱ्यांसाठी दोन तरणेबांड पेसर होते. चालणाऱ्यांसाठी मी. पाच किलोमीटर, पंचाहत्तर मिनिटं. वाटेत चार ठिकाणी फोटो काढायला थांबायचं, तिथे मनगटावर एक शिक्का मिळणार. चार शिक्के घेऊन जो झेंड्याच्या आधी किंवा झेंड्यासोबत पोचेल त्याला पदक. झेंड्याच्या मागे राहील त्याला फक्त पोहे.

मी लगेच हिशोब केला. किलोमीटरला तेरा मिनिटं, तेरा पाचे पासष्ट. उरली दहा. म्हणजे एका फोटोला अडीच मिनिटं. अडीच मिनिटांत फोटो काढून होत नसेल तर त्या माणसाने फोटो काढूच नये, असं माझं मत झालं.

दौडीला विषय होता: वाडीतलं काहीही. म्हणजे फळ, भाजी, झाड, जे व्हायचं ते होऊन यायचं. मी चिकू व्हायचं ठरवलं, कारण त्याला फक्त गोणपाट लागतं. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी ते शिवत बसले होते, तेव्हा मावशी आल्या. मावशी म्हणजे शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या. शाळेजवळच्या पाड्यावर राहायच्या, वयाने माझ्याहून मोठ्या, आणि सगळ्या शाळेच्या मावशी म्हणून माझ्याही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "पळाया नाय लागत?"

"नाही. चालायचं."

"आन पदक देतात? गळ्यात घालायचं?"

मी नियम सांगितला. मावशींनी सुईत दोरा ओवून दिला. मग म्हणाल्या, "बाई, दर वर्साला खेळाच्या दिवशी पदकांचं ताट मीच धरते. पाव्हणे उचलतात, पोरांच्या गळ्यात घालतात. सतरा वर्सं धरलं. मना पन एक पायजे."

त्या दिवशी खिचडी वाढताना त्यांनी सगळ्या शाळेला सांगून टाकलं की सोमवारी आपण पदक घालून येणार. मी म्हटलं, मावशी, आधी मिळू दे. त्या म्हणाल्या, तुमच्या झेंड्याच्या पुढं चालायचं ना, मग काय अवघड. आठवीच्या पोरींनी तर कुठल्या रंगाच्या फितीचं असेल यावर भांडणं केली. आता माघार घ्यायची सोय उरली नव्हती.

दौड रविवारी सकाळी सातला होती म्हणून मावशी शनिवारीच माझ्याकडे मुक्कामाला आल्या. पहाटे मी गोणपाटात शिरले आणि मला पहिल्या मिनिटापासून खाज सुटली. मावशी बाहेर आल्या त्या पोपटी रंगाच्या लग्नातल्या साडीत, गजरा माळून, काखेत पर्स मारून. फळ नाही, पान नाही, साधी भेंडी नाही.

"मावशी, तुम्ही काय झालात?"

"मी वाडीची मालकीन," त्या म्हणाल्या.

समुद्राकाठच्या मैदानावर तीस-चाळीस केळी, फणस, नारळ, एक अख्खं वांग्याचं कुटुंब जमलं होतं. शेठ स्वतः ढोबळी मिरची झाले होते, त्यासाठी त्यांना फार काही करावं लागलं नव्हतं. मावशींनी त्यांनाही सांगितलं की आपण वाडीची मालकीण. लहानपणी चिकू उतरवायच्या मजुरीला मावशी याच पट्ट्यातल्या वाड्यांमधून फिरल्या होत्या, हे मला माहीत होतं, शेठना नव्हतं. शेठनी हात जोडले. "तो तो तमे मारां शेठाणी थयां," म्हणाले, म्हणजे मग तुम्ही माझ्याही मालकीण. मावशींनी मान डोलावून ते मान्य केलं.

आमच्या तांड्यात माझे शेजारी भाऊसाहेबही होते. निवृत्त तलाठी. ते शहाळं होऊन आले होते: अंगाला हिरवी चादर गुंडाळलेली आणि टोपीतून दीड हात लांब स्ट्रॉ वर आलेली. शहाळ्याचा पोशाख केला तरी माणूस तलाठीच राहतो, हे पुढे दिसायचंच होतं.

सातला शिट्टी झाली. पळणारे पळाले. मी झेंडा उभा धरून माझ्या चालीने निघाले. मावशी झेंड्याच्या पाच पावलं पुढे, मागे वळून वळून बघत, की झेंडा जवळ तर आला नाही ना. मी म्हटलं, सोबत चालला तरी चालतं. त्या म्हणाल्या, नको, मागंबिगं पडले तर.

पहिला थांबा सुरूच्या बनात. झाडाला पाटी टांगलेली, शेठच्या हाताने रंगवलेली: "फोटो पाडा १". खाली बाण. भाऊसाहेब पाटीपुढे उभे राहिले आणि हलेनात.

"हा पाडा कुठला?" त्यांनी मला विचारलं.

"कुठला पाडा?"

"फोटोपाडा. तीस वर्षं मी या तालुक्याचे सातबारे लिहिले. पाटीलपाडा आहे, डोंगरीपाडा आहे, नवापाडा तर पाच आहेत. फोटोपाडा नाही."

मला उलगडायला क्षणभर लागला आणि मग हसू आवरेना. गुजरातीत फोटो काढत नाहीत, पाडतात. शेठना म्हणायचं होतं, इथे फोटो काढा. त्यांनी आपल्या घरच्या क्रियापदाला मराठी शेपूट लावलं होतं, आणि आमच्याकडे पाडा म्हणजे वस्ती. मी भाऊसाहेबांना हे समजावलं. त्यांना पटलं नाही. "मग खाली क्रमांक कशाला? क्रमांक पाड्यालाच देतात," म्हणाले.

माझी चूक झाली ती इथे. मावशींना मी हे समजावलं नाही. त्या तेव्हा फोटो काढून घेत होत्या. मावशींचा फोटो म्हणजे दोन्ही पाय जुळवून, पर्स पोटाशी धरून, श्वास रोखून. फोटोवाला म्हणाला, मावशी, हसा जरा. मावशी ओठ न हलवता म्हणाल्या, "हसले तर शाळेत कोन ओळखनार नाय." अडीच मिनिटं त्यातच गेली. मी शिट्टी फुंकली.

दुसरा थांबा वाडीच्या तोंडाशी, सजवलेल्या बैलगाडीपाशी. तिथे वांग्याच्या कुटुंबाला एकत्र फोटो हवा होता आणि धाकटं वांगं बैलाला घाबरून रडत होतं. भाऊसाहेबांची स्ट्रॉ बैलाने मटकावली. मी दोन मिनिटं पस्तीस सेकंदांनी निघाले आणि पाच सेकंद पुढच्या वळणाला भरून काढले. मावशींच्या मनगटावर दोन शिक्के झाले होते. त्या आता झेंड्याच्या चांगल्या पुढे होत्या. पोपटी साडी वाडीच्या कुंपणाशी दिसली, मग वळणाआड गेली. त्यांची चाल बघून मला बरं वाटलं.

तिसरा थांबा आगर गावाच्या बाजूला, ओढून ठेवलेल्या होड्यांपाशी. मी घड्याळात बघितलं, पन्नास मिनिटं होत आली होती, अगदी बरोबर. शिक्का मारणाऱ्या मुलीला सहज विचारलं, पोपटी साडीतल्या बाई कधी गेल्या. ती म्हणाली, पोपटी साडीत इथे कुणी आलंच नाही.

मी मागे वळून पाटी बघितली. "फोटो पाडा ३". पाटीची एक दोरी सुटली होती, पाटी वाऱ्याने फिरली होती, आणि बाण होड्यांकडे न जाता आतल्या कच्च्या रस्त्याकडे दाखवत होता. त्या रस्त्याच्या शेवटी खरोखरचा एक पाडा होता. मावशी आयुष्यभर पाड्यावर राहिलेल्या. पाटीवर पाडा लिहिलाय, बाण दाखवलाय, मग आणखी काय पाहिजे.

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे पाडा आहे," ते म्हणाले. "मी जाऊन बघून येतो." आणि मी काही म्हणायच्या आत शहाळं कच्च्या रस्त्याने निघूनही गेलं.

अडीच मिनिटं झाली. चालणारे माझ्याकडे बघत होते. झेंडा हलायला हवा होता. झेंडा हलला असता तर मावशी मागे पडल्या असत्या, आणि सोमवारी खिचडी वाढताना त्यांना सगळ्या शाळेपुढे रिकाम्या गळ्याने उभं राहावं लागलं असतं. झेंडा नाही हलला तर मी, जिने सात वर्षांच्या पोरांना पावसात उभं केलं, ती मी उशिरा पोचणार होते. मला दोन्हीचा राग आला. शेठच्या मराठीचा आला, वाऱ्याचा आला, मावशींचा तर फारच आला. मी वाळूत झेंडा रोवला आणि खाजवत उभी राहिले.

थांबलेल्या झेंड्याचं काय होतं हे मी हिशोबात धरलं नव्हतं. मागे पडलेले, सोडून दिलेले, रस्त्याच्या कडेला वडापाव खात बसलेले सगळे आले आणि माझ्या पुढे निघून गेले. दोन फणस हातात चहाचे कप घेऊन गेले. केळीचा एक घड चप्पल हातात घेऊन गेला. वांग्याचं कुटुंब, जे माझ्या मते कधीच पोचणार नव्हतं, ते हात हलवत गेलं. एका नारळाने आपुलकीने विचारलं, "बाई, झेंडा बंद पडला का?" सगळ्यांना आता पदक मिळणार होतं. पदकं मात्र तेवढी नव्हती, कारण काही लोक तरी झेंड्याच्या मागे राहतील असा अंदाज मीच शेठना दिला होता. म्हणजे मावशींचं पदक वाचवायला मी उभी होते आणि माझ्या उभं राहण्यानेच ते संपत चाललं होतं. गणिताच्या शिक्षिकेला हे उभ्या-उभ्या कळत होतं.

शेठचा फोन आला. "टीचरबेन, झेंडो क्यां छे? पौंआ ठंडा थई गया."

"येतोय," मी म्हटलं, आणि ठेवून दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी असं बोलले. उशिरा येणारी पोरं मला हेच सांगायची.

पंचवीस मिनिटांनी कच्च्या रस्त्यावर पोपटी ठिपका दिसला. मावशी साडी वर धरून जवळजवळ पळत येत होत्या, मागून शहाळं. मी ओरडायला तोंड उघडलं. मावशींनी माझ्यापुढे मनगट धरलं.

"बाई, तिथं शिक्काच नव्हता," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना विचारलं, फोटो कुठं काढतात, कुनालाच म्हायती नाय. आता मी मागं पडले ना?"

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि ते वाटायला मला पंचवीस मिनिटं लागली याची लाज वाटली. मी म्हटलं, "कशा मागे पडाल? झेंडा इथेच आहे. आधी शिक्का मारून घ्या."

पुढचं चालता चालता ऐकलं. छातीवर दौडीच्या नंबराचा कागद, भारी साडी आणि हातात पर्स असलेली बाई पाड्यात येऊन फोटो कुठे काढतात विचारते, म्हटल्यावर पाड्याने एकच अर्थ काढला: सरकारी घरकुल योजनेच्या फोटोला तालुक्याहून बाई आल्या. लोकांनी खुर्ची मांडली. चहा ठेवला. पोरांचे केस विंचरले, आधार कार्डं निघाली, घरासमोर कुटुंबं ओळीने उभी राहिली. मावशी जीव तोडून सांगत होत्या की माझाच फोटो काढायचाय, तर एक म्हातारी म्हणाली, तुमचा पण काढा, पण आधी आमचा. तेवढ्यात हिरव्या चादरीतले भाऊसाहेब पोचले. चादर असून, टोपी असून, पाड्याने त्यांना लांबूनच ओळखलं आणि तिघांनी वारसाच्या नोंदीचं काय झालं ते विचारलं.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी भाऊसाहेबांना विचारलं.

"सोमवारी या म्हटलं," ते म्हणाले. "तोंडातून निघूनच गेलं. मी रिटायर होऊन चार वर्षं झाली."

चौथ्या थांब्यावर फोटोवाला सामान आवरत होता. मी त्याला आवरू दिलं नाही. आम्ही तिघांनी फोटो काढला, म्हणजे शेठच्या भाषेत पाडला, आणि या वेळी मी घड्याळ लावलं नाही.

शंभराव्या मिनिटाला झेंडा पोचला. मैदानावर फळं सावलीत पसरून पोहे खात होती आणि जवळपास सगळ्यांच्या गळ्यात पदकं होती. मावशी धावत टेबलाशी गेल्या. शेठ माइक हातात घेऊन उभे होते. "टीचरबेन," ते म्हणाले, "पंचोतेर मिनिटनी वात हती."

"नियम झेंड्याचा आहे," मी म्हटलं. "घड्याळाचा नाही. झेंडा आत्ता आला. आणि पाटीवर पाडा कुणी लिहिलं?"

शेठनी पाटीचं सगळं ऐकून घेतलं. आपलं काय चुकलं ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. "फोटो पाडाच लिहिला ने," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. पण टेबलाखालचं खोकं त्यांनी वर काढलं. त्यात दोन पदकं उरली होती आणि आम्ही तिघं होतो. खरं सांगते, मलाही हवं होतं. मी एक उचलून मावशींच्या गळ्यात घातलं. दुसऱ्याचं काय करावं याचा विचार करायच्या आत ते भाऊसाहेबांनी स्वतःच्या गळ्यात घालून टाकलं आणि ते पोह्यांकडे वळले. तलाठ्यापुढे रिकामी जागा ठेवू नये. मी थंड पोहे खाल्ले, गोणपाटात, आणि घरी जाईपर्यंत मावशींशी बोलताना हसत राहिले.

मावशी परतीच्या जीपमध्ये पदक घालून बसल्या. सोमवारी शाळेतही घालूनच आल्या. खिचडी वाढताना ते पातेल्यात बुडू नये म्हणून त्यांनी ते पाठीवर फिरवून घेतलं होतं. मी वर्गाच्या दाराआड उभी राहून ऐकत होते. मुलं ओळीने येत होती, ताटली पुढे करत होती आणि मागे जाऊन पदकाला हात लावून बघत होती. आठवीतल्या एकीने विचारलं, "मावशी, पयला नंबर आला का गं?"

"नाय," मावशी म्हणाल्या. "मी चुकले होते वाट. बाई थांबल्या माझ्यासाठी. झेंडा घेऊन, उन्हात, अर्धा तास. म्हनून मिळालं."

ओळ थांबली. "कोन बाई?"

"आपल्या बाई."

पोरं एकमेकांकडे बघून इतकी हसली की दोघांच्या ताटल्या कलंडल्या. "मावशी, पदक मिळालं ते बरोबर," ती मुलगी म्हणाली, "पन खोटं कशाला बोलतीस?" मावशी शपथा घेत होत्या. पुढे होऊन, खरं आहे ते, असं सांगावं म्हणून मी दारातून एक पाऊल टाकलं. मला बघताच सगळी ओळ सरळ झाली, हसू बंद पडलं, आणि मावशींवर विश्वास ठेवायला एकही पोर तयार राहिलं नाही.